भीती किती मीटर?

सकाळी ५:३०

पक्ष्यांवर काम करणारी मंडळी पहाटे चारला उठतात आणि मग दिवसभर ते सांगत फिरतात. सरड्यांच्या माणसाला ती हौस करून उपयोग नाही. दगड तापल्याशिवाय सरडा बाहेर पडत नाही, आणि भर मे महिन्यातही चाळकेवाडीच्या पठारावरचे दगड आठच्या आत तापत नाहीत. पठाराची उंची अकराशे मीटरच्या वर. खाली साताऱ्यात लोक पंखा पाचवर ठेवून झोपलेले असतात तेव्हा आम्ही इथं गोधडी अंगावर ओढत असतो.

तरी साडेपाचला उठावं लागतं ते बर्फासाठी. दिवसभरात घेतलेले रक्ताचे थेंब संध्याकाळपर्यंत गार राहिले पाहिजेत. त्यासाठी लागणाऱ्या जेलच्या पिशव्या रात्रभर थोसेघरच्या वाटेवरच्या एका टपरीच्या फ्रीजरमध्ये मावा कुल्फीच्या शेजारी पडलेल्या असतात. टपरीवाल्याला हंगामाच्या सुरुवातीला विचारलं तेव्हा त्यानं एकच शंका काढली, “रक्त न्हाई ना ठेवणार ह्यात?” नाही म्हटलं, नुसता बर्फ. तेवढ्या अटीवर जमलं. मोटारसायकलवरून पिशव्या घेऊन परत येईपर्यंत काकूंची चूल पेटलेली असते. त्यांच्या पडवीतली खोली आम्ही हंगामापुरती भाड्यानं घेतली आहे. सकाळी चहा आणि दह्यातला भाकरीचा कुस्करा. दुपारसाठी भाकरी, पिठलं आणि खर्डा फडक्यात बांधून.

६:४५

सामान भरणं हे माझं काम, कारण धाकट्यावर सोडलं तर दोन पॉवर बँक येतात आणि पेन्सिल राहते. धाकटा म्हणजे पुण्याहून आलेला आमचा एम.एस्सी.चा विद्यार्थी. हुशार आहे, चालायला पक्का आहे, फक्त शाईपेनावर त्याचा अजून विश्वास आहे. पठारावर एक सर आली की शाईनं लिहिलेला अख्खा दिवस वाहून जातो. पेन्सिल वाहत नाही.

पिशवीत पन्नास मीटरची टेप, व्हर्नियर, स्प्रिंगचा छोटा तराजू, दगडाचं तापमान लांबून सांगणारा इन्फ्रारेड थर्मामीटर, जीपीएस. कापडी थैल्या, काकूंनी जुन्या परकराच्या शिवून दिलेल्या, प्रत्येकीवर मार्करनं आकडा. आणि नेलपॉलिश. ज्या सरड्याचं काम झालं त्याच्या शेपटीच्या मुळाशी एक ठिपका, म्हणजे तोच सरडा पुन्हा मोजला जात नाही. कात टाकली की ठिपकाही जातो, पण तोवर आमचं काम झालेलं असतं. साताऱ्यातल्या कटलरीच्या दुकानात मी एकदम सहा बाटल्या घेतल्या तेव्हा दुकानदारीणबाईंनी लग्न कुणाचं म्हणून विचारलं होतं.

कपडे रोज तेच, मळखाऊ करडे. ही गबाळेपणाची बाब नाही. कॅलिफोर्नियात कुंपणांवर दिसणाऱ्या एका सरड्यावर २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच संशोधिकेनं वेगवेगळ्या रंगांचे टी-शर्ट घालून सरड्यांकडे चालत जायचं, अशी त्यातली रीत होती. गडद निळ्या शर्टाला त्या सरड्यांनी सगळ्यात जवळ येऊ दिलं. त्या जातीच्या नराच्या पोटावर निळे पट्टे असतात. आमच्या सरड्याच्या गळ्यावरही निळा रंग आहे, त्यामुळे या खोलीत निळा शर्ट घालायला बंदी. धाकट्याचा एक आवडता टी-शर्ट एप्रिलपासून बॅगेच्या तळाशी आहे.

७:३०

गावाच्या वर चढून आलं की पठार एकदम उघडतं. जांभ्याचा काळपट तांबूस कातळ, मध्येमध्ये वाळकं गवत, वणव्यानं जाळलेले पट्टे, कडेला करवंदीच्या जाळ्या. आणि नव्वदच्या दशकापासून उभ्या राहत गेलेल्या पवनचक्क्या. गावातली माणसं त्यांना सरळ ‘फॅन’ म्हणतात. खाली उभं राहिलं की पात्याच्या प्रत्येक फेऱ्याला कानावर दाब आल्यासारखं वाटतं. दोन दिवसांनी तेही जाणवेनासं होतं.

पण सगळं पठार चक्क्यांनी भरलेलं नाही. काही भाग मोकळा आहे. कातळ तोच, गवत तेच, पाऊस तोच, फरक फक्त चक्क्यांचा. प्रयोगशाळेत असा प्रयोग मांडायचा म्हटला तर कुणी पैसे देणार नाही. इथं तो आपोआप मांडलेला आहे. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या मारिया ठाकर, आणि त्यांच्याबरोबर अमोद झांबरे आणि हर्षल भोसले, यांनी नेमकं हेच हेरलं. त्यांचा निबंध २०१८ मध्ये ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’मध्ये आला आणि चाळकेवाडी हे नाव जगभरच्या पर्यावरणवाल्यांच्या तोंडी गेलं.

त्यात निघालं ते असं. चक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट. चक्क्यांच्या भागात पक्षी कमी, म्हणून सरडे जास्त. आणि ते सरडे नुसते जास्त नव्हते, वागायलाही निराळे होते. त्यांना पकडल्यावर रक्तात चढणारं ताणाचं संप्रेरक कमी चढत होतं आणि माणसाला ते बरंच जवळ येऊ देत होते. कुणी म्हणेल, मग बरंच झालं की. तर तसंही नाही. एवढे सरडे त्याच कातळावर खाणार काय? अंगानं ते रोड होते आणि नरांच्या गळ्यावरचा रंगही फिका होता. चक्की सरड्याला कुठं हात लावत नाही. ती वर कापशी, तिसा अशा शिकारी पक्ष्यांना हुसकते, आणि खाली सरड्याचं वजन बदलतं. पवनऊर्जा वाईट असा याचा अर्थ काढणारे बातमीदार तेव्हा बरेच निघाले. मला तो अर्थ आळशी वाटतो. कोळशाच्या खाणीखाली सरडे किती रोड होतात हे मोजायला तिथं सरडे उरलेले तरी असायला हवेत ना.

आमचं काम या निबंधाच्या एका शेपटाला धरून आहे. सरड्याची भीती त्याच्या अंगाच्या तापमानावरही ठरते. स्टॅन्ले रँड यांनी १९६४ मध्ये जमैकातल्या एका सरड्याबद्दल दाखवलं होतं की अंग गार असेल तर तो लांबूनच पळतो. कारण उघड आहे: गारठलेल्या पायांना वेग नसतो, तेव्हा लवकर निघालेलं बरं. मग चक्क्यांखालचा निर्धास्त सरडा सकाळच्या गारव्यातही निर्धास्तच असतो का? की ही निर्भयता फक्त तापलेल्या दगडावरची?

८:१५

पहिलं काम गणतीचं. दोरीनं आखलेल्या शंभर मीटरच्या पट्ट्यात सावकाश चालायचं, डावीउजवीकडे ठरल्या अंतरात दिसेल तो सरडा लिहायचा: नर, मादी, पिल्लू, दगडावर की जमिनीवर. याबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही. मान दुखते.

मामा मात्र या वेळेला रंगात असतात. त्यांची गुरं याच पठारावर चरत आली आहेत. आमच्याबरोबर रोजंदारीवर येतात आणि दिसण्याच्या बाबतीत आमच्या दुर्बिणी त्यांच्यापुढे फिक्या पडतात. “ताई, त्यो बगा, धोंड्याच्या उजव्या अंगाला. आवं, शेपटी दिसतीया न्हवं!” मला अजून धोंडाच दिसत असतो.

त्यांच्याकडे पक्ष्यांबद्दलचा स्वतःचा एक सिद्धांत आहे. फॅनखालच्या वस्तीत कोंबडीची पिलं जास्त जगतात, असं त्यांचं म्हणणं. “कापशी, घार फिरकतच न्हाई तिकडं. हे आमच्या कोंबडीला बी ठावं हाय, तुमास्नी मोजाय लागतंय.” मी ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं आहे. पुढच्या पानांवर ते जाऊ शकत नाही, कारण पिलं कुणी मोजलेली नाहीत. तरी पठारावर कुठे काय बदललं याची पहिली खबर अशा मागच्या पानांवरच असते, असं माझं मत होत चाललंय.

९:००

ऊन आता कातळावर आडवं पसरलेलं असतं. नर वर चढू लागतात. हा सराडा सुपर्बा. चाळकेवाडीच्या पठारावरूनच २०१६ मध्ये शास्त्राला नव्यानं कळलेला, शेपूट सोडून सात सेंटिमीटरच्या आसपास, वजन दहा ग्रॅमच्या आत. एरवी मातीच्या रंगाचा, हातभर अंतरावरूनही चुकेल असा. पण मार्च ते पावसाळा या दिवसांत नर एखाद्या उंचशा दगडावर येतो, पुढच्या पायांवर उभा राहतो आणि हनुवटीखालची घडी उघडतो. निळा, काळा आणि नारिंगी-तांबडा, असा पंखा छातीच्याही खालपर्यंत. एक-दोन उघडझापा, मग मान वळवून दुसऱ्या बाजूला पुन्हा तेच. वीस पावलांवरचा दुसरा नर लगेच उत्तर देतो. या निळ्यात निळं रंगद्रव्य नाही. कातडीच्या सूक्ष्म रचनेवरून उजेड परततो तेव्हा तो निळा दिसतो. म्हणून नर थोडा वळला की रंग पेटतो आणि विझतो.

हे सगळं त्यानं मादीसाठी मांडलेलं असतं, पण तेवढंच ते कापशीलाही दिसतं. त्याचं भय मोजायची वेळ हीच.

रीत सोपी आहे आणि त्यामुळेच अवघड. लांबून दुर्बिणीनं एक नर निवडायचा, जो अजून आपल्याकडे बघून सावध झालेला नाही. पायाशी पहिला बिल्ला टाकायचा. मग सरळ त्याच्याकडे चालत जायचं. एका चालीनं, न थबकता, न वाकता, हात न हलवता. तो हलला की त्या क्षणी दुसरा बिल्ला खाली. तो बसला होता तिथं तिसरा. दुसऱ्या आणि तिसऱ्या बिल्ल्यातलं अंतर म्हणजे त्याची भीती, सेंटिमीटरमध्ये. तो पळून कुठे गेला, आडोसा किती लांब होता, दगडाचं तापमान किती, हे सगळं त्याच ओळीत.

अवघड ते चालणं. माणूस लक्ष्याजवळ आला की आपोआप हळू होतो. शिकारी जनावराची चाल कुठेतरी आपल्या पायात शिल्लक असावी. पण मी चक्कीखालच्या सरड्याकडे हळू गेले आणि मोकळ्यावरच्याकडे भराभर, तर फरक सरड्यांचा की माझा? म्हणून एप्रिलभर आम्ही डांबरी रस्त्यावर मोबाइलमधल्या मेट्रोनोमच्या ठोक्यावर चालण्याचा सराव केला. गाड्या थांबवून लोक बघायचे. आता ठोका कानात नसतानाही पाय तोच धरतात. प्रत्येक सरड्याला एकच बाई भेटली पाहिजे: त्याच करड्या कपड्यांतली, त्याच चालीची, कालचं भांडण घरी ठेवून आलेली.

पहिला नर चक्कीच्या पायथ्यापासून जवळच, खडीच्या ढिगावर. दगड एकतीस अंश. मी निघते. तो पंखा उघडतो, मिटतो. मी चालते आहे. त्याची एका बाजूची मान थोडी वळते, म्हणजे डोळा माझ्यावर आला. आता तो पंखा उघडत नाही, पण बसून आहे. माझी सावली डावीकडे आहे, बरं आहे. पोट जरा जमिनीला टेकवतो. मला त्याच्या पापणीवरचे खवले दिसायला लागतात, आणि मनात येतं की हा आता बुटावर चढणार. मग तो नाहीच. बिल्ला टाकल्यावर टेप धरायला धाकटा धावत येतो. दीड मीटरपेक्षा कमी. दगड आणखी तापल्यावर हे अंतर किती राहतं, त्यासाठी अकरा वाजता याच ढिगाच्या आसपास दुसरे नर.

मोकळ्या बाजूला याच्या उलट अनुभव येतो. तिथले नर मी निघण्याच्या आधीच निघालेले असतात, आणि आम्ही उन्हात नुसते पुढचा नर शोधत राहतो.

१०:३०

रक्तासाठी वेगळे सरडे. ज्याला चालत जाऊन घाबरवलं त्याचं रक्त घेऊन ताण मोजण्यात अर्थ नाही; त्याचं संप्रेरक आमच्यामुळेच चढू लागलेलं असतं. संकट ओळखल्यापासून साधारण तीन मिनिटं रक्तात फरक पडत नाही. त्या तीन मिनिटांत पकडणं, हातात घेणं, थेंब काढणं सगळं उरकायचं. काठी पुढे केली की धाकटा स्टॉपवॉच दाबतो.

काठी म्हणजे गळाची काठी, टोकाला सुती दोऱ्याची फासकी. गावातली पोरं गवताच्या काडीची फासकी करून बांधावरचे सरडे धरतात, तेच तत्त्व. सरडा माणसाला घाबरतो, पण डोळ्यासमोर डुलणाऱ्या दोऱ्याचं त्याला काही वाटत नाही. कधी कधी तर मान उंच करून बघत राहतो. फासकी मानेत गेली की एक हलका हिसका. हे मामांनी करायचं. मी चांगली धरते, पण वारा असला की दोरा फडफडतो आणि माझा धीर सुटतो. मामा थांबतात. दोन वाऱ्यांच्या मधली जागा त्यांना कळते. तेवढ्यात फासकी आत.

सरडा मुठीत घेताना शेपटीला धरायचं नाही. पालीसारखी शेपूट टाकून निसटायची सोय याच्याकडे नाही. याची तुटली की गेली. अंगठा हनुवटीखाली, बाकीची बोटं पोटाभोवती, न दाबता. मागच्या पायाला चारच बोटं. छाती इतक्या वेगानं हलते की ठोके मोजता येत नाहीत. डोळ्याच्या कोपऱ्यातून केशनळीत दोन-तीन थेंब, कापसाचा बोळा, नळीला आकडा, बर्फात. “दोन चाळीस,” धाकटा सांगतो. बसलं.

मग हाच नर अर्धा तास थैलीत, सावलीत. तेवढ्यानं ताणाचं संप्रेरक चढतं, आणि दुसऱ्या थेंबात ते किती चढलं ते समजतं. मधल्या वेळात वजन, नाकाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंतची लांबी, आणि गळ्याचा पंखा चिमट्यानं हळूच ताणून रंगपट्टीशेजारी फोटो. हे सगळं वन विभागाच्या लेखी परवानगीनं आणि संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीच्या मंजुरीनंतर. त्या फायली या सरड्यापेक्षा शंभर पटींनी जड आहेत. असोत. हातातला जीव दहा ग्रॅमचा असला की त्याच्या वतीनं कुणीतरी जाडजूड प्रश्न विचारलेले बरे.

अर्ध्या तासानं दुसरा थेंब, नेलपॉलिशचा ठिपका, आणि ज्या दगडावरून उचलला त्याच दगडावर. दुसऱ्याच्या दगडावर सोडणं म्हणजे त्याला मारामारीत ढकलणं. हा आमचा नर दगडावर क्षणभर चपटा होऊन राहिला, मग फटीत गेला, आणि आम्ही सामान आवरेपर्यंत पुन्हा वर येऊन पंखा उघडू लागला. शेजाऱ्यानं मधल्या वेळात जागा बळकावली असती तर पंचाईत होती.

१२:३०

कातळ पन्नास अंशांच्या पुढे. सरडे दगडांच्या फटीत, आम्ही पठाराच्या कडेला एका झाडाखाली. दगड उलटून बसायचं नाही, हा मामांचा नियम. फुरसं याच दिवसांत दगडाखाली असतं, आणि त्याचा आवाज ऐकू येईपर्यंत हात पोचलेला असतो. पण दगड उलटणाऱ्यांचंही या भागावर ऋण आहे. २००८ मध्ये वरद गिरी आणि एरन बाउअर यांनी साताऱ्याच्या नावानंच ओळखली जाणारी पाल शास्त्राला सांगितली, आणि २००४ मध्ये कोयनेच्या बाजूला हुंबर्लीहून गांडुळासारखा दिसणारा, बिनपायांचा एक उभयचर नोंदला गेला, ‘महाराष्ट्रेन्सिस’ नावाचा. वाघ बघायला लोक ताडोब्याला जातात. सह्याद्रीच्या या पठारांची श्रीमंती बोटभर मापाची आहे, आणि ती बघायला गुडघे टेकावे लागतात.

भाकरी खाऊन झाल्यावर मामा डोक्यावर टॉवेल टाकून झोपतात. धाकटा शिकारी पक्ष्यांच्या नोंदी भरतो: ऊन चढलं की पक्षी गरम हवेवर तरंगायला लागतात, म्हणून दर वीस मिनिटांनी आभाळाचा एक फेरा. आज चक्क्यांच्या बाजूला शून्य, शून्य, एक खरुची, शून्य. शून्य लिहिण्याचा कंटाळा येतो असं तो म्हणाला. मी म्हटलं, अरे, आपला अख्खा विषय त्या शून्यावर उभा आहे.

४:००

दुपारचा दुसरा फेरा सुरू व्हायच्या आत पूर्वेकडून ढग चढले. वळीव. पठारावर विजेच्या वेळी आपणच सगळ्यात उंच, त्यामुळे वाद नाही. सामान आवरून एका चक्कीच्या रखवालदाराच्या केबिनमध्ये. त्यानं स्टोव्ह पेटवला आणि आमचं काम काय ते विचारलं. धाकट्यानं उत्साहानं सांगितलं. रखवालदार ऐकून म्हणाला, “म्हंजे कंपनीच्या विरोधात हाय का?” धाकट्याला उत्तर सुचेना. मी म्हटलं, विरोधात नाही न् बाजूनंही नाही, आम्ही नुसते मोजतो. त्यानं चहात साखर जास्त घातली, ते पटल्यामुळे की न पटल्यामुळे हे कळायला मार्ग नाही.

पाऊस चांगला पाऊण तास पडला, सुरुवातीला गारांसकट. पाच वाजता ऊन पुन्हा आलं, तिरकं, धुतलेलं. दगडावर थर्मामीटर धरला: चोवीस अंश. सकाळी आठलाही याहून जास्त असतो.

आणि खडीच्या ढिगावर दोन नर आलेले.

धाकटा माझ्याकडे बघायला लागला. आमच्या आराखड्यात गार दगडावरची मोजणी सकाळची आहे. पण सकाळचा सरडा रात्रभर गारठलेला, उपाशी असतो. हा दिवसभर खाऊन, तापून मग गार झालेला. दगड तसाच गार, सरडा निराळा. प्रश्न आयता पुढे येऊन बसला होता आणि उजेड तासाभराचाच होता. “घेऊया,” मी म्हटलं. उजेड सरेपर्यंत जमतील तितक्या चाली आम्ही चाललो. ओल्या जमिनीवर बुटांचा आवाज बदलतो, तेही शेऱ्यात लिहिलं.

मामांनी तेवढ्यात हाक मारली. रस्त्याच्या कडेच्या ओल्या मातीत एक पोटुशी मादी उकरत होती, पुढच्या पायांनी आळीपाळीनं, माती मागे लोटत. आम्ही लांबच थांबलो. खड्डा तिच्या अंगाएवढा झाला तशी ती वळली आणि मागचा भाग आत घातला. याच रस्त्यावरून चक्क्यांच्या दुरुस्तीचे ट्रक येतात. ती गेल्यावर मामांनी त्या जागेभोवती तीन धोंडे मांडले, ट्रकवाला चाक वळवून घेईल एवढे मोठे.

७:००

खोलीवर. वीज गेलेली. डोक्यावर चक्क्या फिरतायत आणि खाली अंधार, यावर गावात विनोद करायचे लोकांनी केव्हाच सोडलं आहे. आम्हाला मात्र विनोद परवडत नाही: रक्तातला द्रव भाग आज रात्रीच वेगळा करायचा आहे, आणि सेंट्रिफ्यूजला वीज लागते. काकूंच्या पुतण्याच्या जीपची बॅटरी आणि आमचा इन्व्हर्टर, अशी जोडणी गेल्या वेळीच करून ठेवली आहे. यंत्र घरघरायला लागलं की काकूंची नातवंडं दारात जमतात. केशनळीत तांबडं खाली बसतं, वर पिवळसर पाण्याचा बोटाच्या नखाएवढा थर. तो थर कुपीत. बंगळूरच्या किंवा कुठल्याही प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तो गोठलेला राहिला पाहिजे, म्हणून साताऱ्याहून भरून आणलेल्या द्रव नायट्रोजनच्या टाकीत. टाकीचं झाकण उघडलं की पांढरी वाफ जमिनीवर पसरते. नातवंडं याचसाठी थांबलेली असतात.

९:१५

वही संगणकात उतरवण्याचं काम दोघांनी मिळून करायचं: एकानं वाचायचं, दुसऱ्यानं भरायचं, मग अदलाबदल करून पुन्हा तपासायचं. आज पावसानंतरच्या ओळींपाशी गाडी अडली. बंगळूरला आमच्या मार्गदर्शकांना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं, आकडे दोनदा विचारले. गार दगडावरसुद्धा चक्क्यांखालच्या नरांनी मला जवळजवळ दुपारइतकंच जवळ येऊ दिलं होतं. त्या म्हणाल्या, मोजकेच आहेत, सकाळच्या आकड्यांत मिसळू नको, वेगळा रकाना कर. आणि मोकळ्या बाजूलाही पावसानंतर हेच मोजलंस तरच त्याला किंमत.

ते बरोबरच होतं. एका बाजूचा आकडा म्हणजे निम्मं वाक्य. पण पाऊस काही मागवता येत नाही.

मामा दूध द्यायला काकूंकडे आले होते. त्यांना विचारलं, मोकळ्या अंगाला असा वळीव पुन्हा कधी होईल? त्यांनी दाराबाहेर जाऊन आभाळ बघितलं, चुना मळला.

“मिरगाच्या आत पडंल की एखादा. पर ताई, आज भिजलं तिकडं बी असंल. पुढच्या पावसापातुर तुमचं सरडं अंडी घालून मोकळं, मग कोण बसतंय धोंड्यावर?”

“मग काय करायचं?”

“उद्या तिकडं जावू. धोंडं न्हाईतरी सकाळी जादा गार आसतील, वल हाय.”

धाकट्यानं रकान्याला ‘पावसानंतर, दुसरा दिवस’ असं नाव दिलं आणि गजर पाचचा लावला.